दोन फुटी रीफ टाकीनंतर पुढची टाकी किती मोठी घ्यावी?

दोन फुटी रीफ टाकीत, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि जिवंत प्रवाळं ठेवलेल्या टाकीत, क्लाउनफिशची जोडी वर्षभर खुशाल राहिली, दोन मश्रूम कोरलची नऊ झाली, दगडावर जांभळा थर चढायला लागला, की डोक्यात एकच विचार घोळू लागतो: आता मोठी टाकी. मग दिवाणखान्यातली भिंत वेगळीच दिसायला लागते. सोफा इकडे सरकवला तर चार फूट बसतील, शोकेस काढलं तर पाच. तिथेच टेप लावून माप घेतलं जातं आणि दुसऱ्या दिवशी काचवाल्याला फोन जातो.

मी ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. माझी पहिली रीफ टाकी २४ बाय १२ बाय १५ इंचांची होती, आता आहे ती ३६ बाय २४ बाय १८ ची. या दोन टाक्यांच्या मधल्या काळात मित्रांच्या बऱ्याच टाक्या हलवायला, भरायला आणि दोनदा मोडायलाही गेलो. ज्या दोन मोडल्या त्या दोन्ही मोठ्या होत्या, आणि दोन्हींची मापं भिंतीवरून ठरलेली होती. त्यामुळे माझं म्हणणं असं की भिंत शेवटी मोजा. टाकीचं माप आधी बादल्यांत मोजायचं, म्हणजे दर रविवारी तुम्हाला किती बादल्या पाणी तयार करावं लागेल आणि किती उचलावं लागेल त्यावर. हे कसं, ते एकेक पायरी घेऊन सांगतो.

पायरी १: माशांची यादी करा

कागदावर लिहून काढा, की येत्या तीन वर्षांत कोणते मासे हवेत. दुकानात दिसतो तेवढा मासा धरू नका, तो पूर्ण वाढल्यावर केवढा होतो ते धरा. मुलांचा लाडका निळा ब्लू टँग दुकानात दोन इंचांचा असतो, पण वाढून फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो. त्याला सहा फुटी टाकी लागते. तीन-चार फुटी टाकीत तो काही महिने राहील, मग अंगावर पांढरे ठिपके, काचेला घासणं, दुसऱ्या माशांना हाकलणं सुरू होईल. पिवळा टँग साधारण आठ इंचांचा होतो, त्यालाही चार फुटांच्या खाली न्याय मिळत नाही. मँडरिन दिसायला बोटभर, पण तो दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जलजीव दिवसभर टिपत असतो. भरपूर दगड असलेली, निदान वर्षभर जुनी, दोनशे लिटरच्या वरची टाकी असेल तरच त्याचं पोट भरतं.

याउलट क्लाउनफिशची जोडी, फायरफिश, रॉयल ग्रामा, एखादी गोबी आणि तिच्यासोबत एकाच बिळात राहणारी पिस्तूल कोळंबी, एवढी मंडळी तीन फुटी टाकीत आयुष्यभर सुखाने राहतात. यादीत टँग नसेल तर चार-सहा फुटांची गरज तिथेच संपली. यादीत टँग असेल आणि जागा, खिसा तीन फुटांचाच असेल, तर टँग खोडायचा. ही एक रेघ मारायला जीवावर येतं, पण ती कागदावरच मारलेली बरी.

पायरी २: कोणती प्रवाळं ठेवणार आहात?

परदेशातल्या टाक्यांचे व्हिडिओ बघून आपण माप ठरवतो आणि इथेच मोठी गफलत होते. त्या टाक्यांत फांद्यांसारखी, टेबलासारखी जी कठीण प्रवाळं दिसतात ती भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांनाही. खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सगळे समुद्रपंखे या यादीत येतात. समुद्रघोडेसुद्धा. ‘कोणी विचारत नाही’ असं सांगून विकणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. आपल्याच सिंधुदुर्गात मालवणच्या पाण्यात जिवंत प्रवाळ आहे, ते ओरबाडून कुणाच्या दिवाणखान्यात येऊ नये म्हणूनच तो कायदा आहे. दगड घेतानाही तेच बघा. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे ‘लाइव्ह रॉक’ म्हणून खपवले जातात. कृत्रिम, सच्छिद्र सिरॅमिक दगड घ्या. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यातही तितकेच छान वसतात, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

याचा मापाशी थेट संबंध आहे. मश्रूम, झोअँथिड, लेदर, झेनिया अशी मऊ प्रवाळं ठेवायची तर प्रकाश मध्यम चालतो, महागडे दिवे लागत नाहीत, आणि कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यात विरघळलेले कार्बोनेट क्षार) यांची तूट साधारणपणे आठवड्याच्या पाणी बदलण्यातच भरून निघते. उंच टाकीचा आणि दिव्यांच्या ओळीचा खर्च वाचला. मात्र लेदर कोरल आडवं पसरतं. आज रुपयाएवढं दिसणारं टोडस्टूल लेदर पुढे फूटभर रुंदीची छत्री उघडतं आणि सावलीत आलेल्या सगळ्यांना दाबून टाकतं. शिवाय ते पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतं, म्हणून दोन प्रवाळांत अंतर ठेवावं लागतं. तेव्हा मऊ प्रवाळांच्या टाकीला खरी गरज असते ती पुढून मागे रुंदीची.

पायरी ३: आधी रुंदी, मग लांबी, उंची सगळ्यात शेवटी

काचवाले आणि दुकानदार ‘तीन फुटी’, ‘चार फुटी’ असं फक्त लांबीवर बोलतात. त्यांच्या तयार तीन फुटी टाकीची रुंदी बहुतेक वेळा १२ नाहीतर १५ इंच असते. एवढ्या रुंदीत दगडांची भिंतच रचावी लागते. मागे मळ साठतो, पुढे काच घासायला हात जात नाही आणि माशाला दगडाभोवती फेरी मारायला वाट उरत नाही. १८ इंच रुंदी ही माझी किमान अट आहे, २४ इंच मिळाली तर उत्तम. २४ इंचांत मधोमध दगडांची दोन बेटं उभी करता येतात आणि चारही बाजूंनी चार-चार बोटं जागा सुटते.

उंचीचं उलट. १८ इंच पुरे. हात काखेपर्यंत न भिजवता तळाची वाळू गाठता येते, प्रकाश तळापर्यंत पोचतो आणि काच फार जाड लागत नाही. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, लांबीवर नाही. १८ इंच उंचीला १० मिलिमीटर काच आणि वर पट्ट्यांची चौकट चालते, उघड्या कडांची टाकी हवी असेल तर १२ मिलिमीटर घ्या. उंची २४ इंच झाली की काच, वजन, दिव्याची ताकद, सगळंच वर सरकतं आणि माशाला त्यातून फारसं काही मिळत नाही.

लिटर काढायचं गणित सोपं आहे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. फुटांत असेल तर गुणाकाराला २८.३ ने गुणा. ३ बाय २ बाय १.५ फूट म्हणजे ९ घनफूट, म्हणजे २५५ लिटर. ४ बाय २ बाय २ म्हणजे १६ घनफूट, ४५३ लिटर. पण हे आकडे रिकाम्या खोक्याचे. वरचे दोन इंच रिकामे, तळाला वाळू, मध्ये दगड हे वजा केलं की प्रत्यक्ष पाणी ८० ते ८५ टक्केच राहतं. त्यात संपचं, म्हणजे पाणी गाळून परत वर पाठवणाऱ्या खालच्या छोट्या टाकीचं पाणी मिळवा. माझ्या तीन फुटी टाकीत वर सुमारे २०५ आणि संपमध्ये ६०, असं २६५ लिटर पाणी आहे. औषध असो, मीठ असो, पाणी थंड करणारा चिलर असो, सगळं या खऱ्या आकड्यावर काढायचं.

पायरी ४: रविवारच्या बादल्या

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलायचं असं धरा. जुन्या दोन फुटी टाकीत माझं खरं पाणी होतं ५५ लिटर, म्हणजे आठवड्याला साडेपाच लिटर, एक छोटी कळशी. तीन फुटी टाकीला २६ ते २७ लिटर लागतं, म्हणजे आपल्या आंघोळीच्या बादलीने दीड बादली. ४ बाय २ बाय २ च्या टाकीला संप धरून ४७ लिटर, अडीच बादल्या. सहा फुटी टाकीला चार-पाच बादल्या सहज. हे पाणी आधी गाळायचं, मीठ घालून रात्रभर ढवळायचं, मग टाकीत चढवायचं, आणि तेवढंच घाण पाणी काढून मोरीत ओतायचं. भरलेली बादली वीस किलोची. ती दर रविवारी, पाहुणे असोत, कंबर दुखत असो, उचलायची आहे. मोडलेल्या त्या दोन टाक्यांपैकी एकीचा मालक मला म्हणाला होता, “पहिले तीन महिने हौसेने केलं रे, मग दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने.” शेवाळाने टाकी हिरवी झाली तेव्हा मासे देऊन टाकण्याशिवाय त्याच्यापुढे वाट उरली नव्हती. तो आळशी मुळीच नव्हता. त्याच्या आठवड्यात अडीच बादल्यांची जागाच नव्हती.

म्हणून टाकी घेण्याआधी एक महिना सराव करा. नव्या टाकीला जितकं पाणी बदलावं लागणार तितकं साधं पाणी दर रविवारी गाळा, ड्रममधून बादलीत काढा, टाकीच्या नियोजित जागेपर्यंत नेऊन परत आणा. चार रविवार हे जमलं तर माप बरोबर आहे. दुसऱ्याच रविवारी कंटाळा आला तर एक माप खाली उतरा.

मिठाचा हिशोब याच बादल्यांवर. बहुतेक रीफ मिठं एका लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतात, तेव्हा क्षारता ३५ वर (हजार भागांत ३५ भाग क्षार) येते. तीन फुटीला आठवड्याला एक किलो, चार फुटीला पावणेदोन किलो. म्हणजे महिन्याला चार किलो की सात-आठ किलो, एवढा फरक. आपल्या गावातल्या मिठाच्या भावाने गुणून बघा.

पाणी कसं गाळणार हेही याच हिशोबात येतं. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यात चव राखण्यासाठी मुद्दाम क्षार सोडलेले असतात, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ३०-४० दाखवतो. रीफला शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा असलेलं वेगळं यंत्र लागतं. एक लिटर चांगल्या पाण्यामागे सुमारे तीन लिटर वाया जाणारं पाणी बाहेर पडतं. चार फुटी टाकीला बदलायचं पाणी आणि बाष्पीभवनाची भरपाई मिळून आठवड्याला ८५-९० लिटर शुद्ध पाणी लागेल, म्हणजे अडीचशे लिटरहून जास्त टाकाऊ पाणी. ज्यांच्याकडे सकाळी तासभरच पाणी येतं त्यांनी हा आकडा घरच्यांसमोर मोकळेपणाने मांडावा. आमच्याकडे ते पाणी ड्रममध्ये साठवून लादी पुसायला आणि फ्लशला जातं.

माझ्या आईने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, “अरे, समुद्र इथेच आहे की, मीठ विकत कशाला आणतोस?” प्रश्न रास्त आहे. पण आपल्या खाडीच्या आणि शहरी किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी आहे, गाळ आहे, आणि पावसाळ्यात क्षारता पार खाली जाते. ते पाणी टाकीत नको.

लहान टाकीच्या बाजूने एक गोष्ट चुकीची सांगितली जाते, की ती सोपी. बादल्यांच्या दृष्टीने सोपी, स्थैर्याच्या दृष्टीने अवघड. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. उन्हाळ्यात पंखा लावल्यावर ५५ लिटरच्या टाकीतून दिवसात दोन लिटर उडालं की क्षारता ३५ वरून ३६.३ वर जाते. २६५ लिटरमधून चार लिटर उडालं तरी ती साडेपस्तीसच होते. म्हणून दोन फुटांवरून पुढे जाण्याला खरोखर अर्थ आहे, आणि म्हणूनच ती उडी बेताची असावी. माझ्या अनुभवात २०० ते ३०० लिटर खरं पाणी हा टप्पा असा आहे, जिथे स्थैर्य मिळतं आणि रविवारही हातात राहतो.

पायरी ५: उन्हाळा आणि विजेचं बिल

टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवं. एप्रिल-मेमध्ये कोकणपट्टीतल्या बिनएसी खोलीत ते ३१-३२ ला सहज जातं. पाण्यावर पंखे लावले तर पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत त्याहून कमी, कारण पाणी कमी उडतं. मग चिलर आला. तो विकत घेण्यापेक्षा चालवायला महाग पडतो. पाव अश्वशक्तीचा, साधारण २५० वॅटचा चिलर रोज आठ तास चालला तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. संपमधून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप ४० वॅटचा चोवीस तास म्हणजे महिन्याला तीस. दिवे १५० वॅटचे आठ तास म्हणजे छत्तीस. वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) मिळून आणखी तीस. तीन फुटी टाकीची बेरीज दीडशे युनिटच्या घरात जाते. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतो, शंभरच्या पुढे आणि मग तीनशेच्या पुढे. ही दीडशे युनिटं तुमच्या घरच्या वापराच्या वर बसतात, म्हणजे महागड्या टप्प्यात. जुनं बिल काढून त्यात बेरीज करूनच बघा.

चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो गरम हवा फेकतो, तीच परत ओढतो आणि तासन्‌तास थांबत नाही. त्याच्यासाठी हवेशीर जागा लागते, ती मापात आधीच धरा.

वीज गेली की सगळ्यात आधी प्राणवायू संपतो, उष्णता नंतर त्रास देते. महावितरणच्या देखभालीच्या दिवशी चार-पाच तास वीज नसणाऱ्या भागात वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या, चिलर आणि दिवे नकोत. पाणी जास्त आणि मासे कमी असतील तर टाकी जास्त वेळ तग धरते, इतकंच इथे मापाचं काम.

पायरी ६: जमीन पेलेल का?

समुद्राचं पाणी लिटरला एक किलोपेक्षा थोडं जड. ३ बाय २ बाय १.५ ची टाकी, काच, दगड, वाळू, संप, स्टँड धरून साडेचारशे ते पाचशे किलोपर्यंत जाते. ४ बाय २ बाय २ ची आठशेच्या आसपास. घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलो चालता-फिरता भार धरलेला असतो. टाकीखालच्या अर्ध्या-पाऊण चौरस मीटरवर तो आकडा अर्थातच ओलांडला जातो. हा भार पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे लगेच स्लॅब कोसळेल असं नाही, पण म्हणूनच जागा कुठली हे माप केवढं याइतकंच महत्त्वाचं ठरतं. बीमवरची भिंत, कॉलमजवळचा कोपरा चांगला. खोलीच्या मधोमध नाही. आणि बंद करून खोलीत घेतलेल्या बाल्कनीत कधीच नाही, कारण तो स्लॅब बाहेर अधांतरी आलेला असतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त अभियंते काका आहेत. मी त्यांना चार फुटी टाकीचं चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून आधी विचारलं, “बीम कुठून जातोय, माहीत आहे का तुला?” मला माहीत नव्हता. त्यांनी छताकडे बोट दाखवलं. वरच्या मजल्याचा बीम आमच्या छतातून जिथून दिसतो, साधारण तिथूनच आमच्या पायाखालचाही जातो. मी निवडलेली भिंत त्यापासून पाच फूट लांब होती. टाकी पलीकडच्या भिंतीला गेली, आणि तिथे लांबी तीन फुटांचीच मिळाली.

इमारत जुनी असेल तर सचिवांकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागून वाचा. अहवालात दुरुस्ती सुचवलेली असेल किंवा टाकी तीनशे लिटरच्या पुढे जात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन घरी बोलवा. टाकीच्या एकूण खर्चात ती फी लहान असते.

पायरी ७: टाकी घरात येईल का?

लिफ्टच्या दाराची रुंदी, आतली खोली, तिरपी लांबी मोजा. मग घराचं दार, सेफ्टी डोअर, पॅसेजचं वळण. २४ इंच रुंदीची टाकी आडवी करून दारातून निघते, पण वळणावर लांबी अडते. ४ बाय २ बाय २ ची १२ मिलिमीटर काचेची रिकामी टाकीच नव्वद किलोची होते, जिन्याने चढवायला चार धडधाकट माणसं लागतात. पुठ्ठ्याचं त्याच मापाचं खोकं करून खालून वर नेऊन बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पायरी ८: संप आणि स्टँड

वरच्या टाकीच्या पाव ते एक तृतीयांश मापाचा संप धरा, पण खरी परीक्षा वीज गेल्यावर. पंप थांबला की वरून पाणी ओव्हरफ्लोच्या (संपकडे पाणी सोडणाऱ्या खाचेच्या) कडेपर्यंत खाली येतं. ३६ बाय २४ च्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. संपमध्ये तेवढी आणि पाइपातल्या पाण्याची मिळून वीस लिटर जागा कायम रिकामी हवी. भरल्यावर मुद्दाम पंप बंद करा, पाणी कुठवर चढतं तिथे मार्करने रेघ मारा. त्या रेघेच्या वर एरवी पाणी भरायचं नाही.

स्टँड चौकोनी लोखंडी पाइपचा, पावडर कोटिंग करून घ्या. नुसता रंग खाऱ्या पाण्यात वर्षभरात पोपडे धरतो. वर पाणसळ ठेवून चारही कोपरे तपासा. टाकीखाली थर्माकोलचा पत्रा घाला, म्हणजे एखादा खडा काचेला टोचणार नाही. काचवाल्याकडून आलेल्या टाकीचं सिलिकॉन आठवडाभर वाळू द्या, मग साध्या पाण्याने भरून दोन दिवस तशीच ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं की एक थेंब गळाला तरी दिसतो.

पायरी ९: हलवायचा दिवस

इथे घाई केली की वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाते. मी ते एकदा भोगलंय.

दोन दिवस आधी पाणी तयार हवं. जुनं ५० लिटर धरलं तरी २१५ लिटर नवं लागतं, म्हणजे खाद्य दर्जाचा २०० लिटरचा निळा ड्रम आणि एक जादा बादली, आठ किलो मीठ. आत छोटा पंप सोडून चोवीस तास फिरू द्या. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, आणि रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून घ्या. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र ३५ ला चुकू शकतं.

त्या दिवशी सकाळी जुन्या टाकीतलं स्वच्छ पाणी आधी टबात काढा. मग प्रवाळं, मग दगड, सगळ्यात शेवटी मासे. दगड निघाले की लपायला जागा उरत नाही आणि मासे जाळीत लवकर येतात. दगड जुन्याच पाण्यात बुडवून ठेवा, कारण टाकी चालवणारे जिवाणू त्यांच्यातच आहेत. झोअँथिड असलेले दगड हाताळताना रबरी मोजे आणि चष्मा घाला, ते दगड घासू नका, त्यांच्यावर गरम पाणी तर कधीच ओतू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, वाफेतून किंवा जखमेतून ते माणसाला आजारी पाडतं. मुलं आणि मांजर त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

जुनी वाळू नव्या टाकीत घालू नका. मी घातली होती. पैसे वाचतील आणि जिवाणूही येतील असं वाटलं. दीड वर्षाची वाळू तवंग आल्यासारखी करडी दिसत होती, खालचा थर काळा होता आणि उकरल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला. तरी मी ती घातली. संध्याकाळी अमोनियाच्या (घाण सडून होणाऱ्या, माशांना घातक विषाच्या) चाचणीची नळी पिवळी असायला हवी होती, ती हिरवी झाली. रात्री अर्धं पाणी बदललं. सकाळी फायरफिश कोपऱ्यात पडलेला होता, चौदा महिने सांभाळलेला. तेव्हापासून माझा आणि मी ज्यांना मदत करतो त्यांचाही नियम: नवी वाळू, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेली.

नव्या टाकीत आधी वाळू, मग दगड तळाच्या काचेवर टेकतील असे घट्ट बसवा, म्हणजे गोबीने खाली खणलं तरी ते घसरणार नाहीत. मग पाणी. तापमान आणि क्षारता जुन्याशी जुळली की प्रवाळं आणि मासे सोडा. दिवे पहिले काही दिवस निम्म्या ताकदीवर. पहिला आठवडा रोज अमोनिया तपासा, शून्याखेरीज कुठलाही आकडा दिसला की पाणी बदला. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी थर येतो, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. त्याच्यामागे औषधं घेऊन धावू नका, तो आपोआप ओसरतो.

पाणी पाचपट झालं म्हणून मासेही पाचपट घालायचा मोह होतो. पण दगडातले जिवाणू अजून जुन्याच माशांपुरते आहेत. दीड महिना एकही नवा मासा नको, त्यानंतर महिन्याला एक.

आणि जुनी दोन फुटी टाकी विकू नका. नवा मासा आधी तिथे महिनाभर ठेवायचा, म्हणजे रोग असला तर मोठ्या टाकीत जाणार नाही. आत दगड-वाळू काही नको, लपायला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा, आणि एक स्पंज फिल्टर. तो स्पंज एरवी मोठ्या टाकीच्या संपमध्ये पडून राहू द्या, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी त्याच्यात जिवाणू तयार असतील. या टाकीचं पाणी बदलायला एक कळशी पुरते.